जिलानी पिंजाऱ्याच्या खांद्यातला बोअर

खांदा दुखायला लागला तेव्हा जिलानी पिंजाऱ्याने पहिला आळ घेतला तो गादीवर.

सगळ्या लातूरच्या गाद्या फुगवून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातली गादी पापडासारखी चपटी होती. त्याची बायको कमरुन्निसा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या गादीवर झोपलं की खालच्या फरशीचे सांधे पाठीला कळतात." गिऱ्हाइकाची गादी आज द्यायची, उद्या द्यायची, असं करता करता घरची राहून जायची ती राहूनच जायची. त्यामुळे उजवा खांदा ठणकू लागला, कुशीवर वळलं की कळ मारू लागला, तेव्हा जिलानीला दुसरं कारण सुचलंच नाही. त्याने गादी उसवली, रूई पिंजली, नव्याने भरली. दुखणं होतं तिथंच. मग त्याने टाक्यांवर बोट ठेवलं.

"हे टाके कोणी घातले?"

"मीच," कमरुन्निसा म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून या घरात दाभण माझ्याच हातात हाय. इतके दिवस तुमचा खांदा कामून न्हाई दुखला?"

"तेव्हा टाके सरळ होते."

"तेव्हा तुम्ही सरळ होते."

गादी दुसऱ्यांदा उसवली गेली. मग उशीची पाळी आली. मग खाटेची दिशा बदलली. गादी आता अशी झाली की एखाद्या नवरदेवाला द्यावी. पण जिलानीचा हात कानाच्या वर जाईना. भिंतीवर उंच खुंटीला रूई पिंजायची जुनी कमान टांगलेली होती. बापाची होती ती. ती काढायला त्याने एक दिवस हात वर केला आणि अर्ध्यावर जाऊन हात खाली पडला. कमान खुंटीवर तशीच राहिली.

तशी रोजच्या कामाला आता कमान लागत नव्हती. भूकंपानंतर काही वर्षांत लातूरची हवाच बदलली. गावोगावची पोरं शिकायला येऊ लागली, गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या, ज्याच्या त्याच्या घरावर एकेक मजला चढला. मजला आला की खोल्या आल्या, खोलीत खाट आली, आणि खाटेवर गादी आलीच. जिलानी ऐटीत म्हणायचा, "या गावातून जो डॉक्टर होऊन जातो तो आधी माझ्या गादीवर झोपून जातो. अभ्यास क्लासवाल्याचा, झोप आपली." एवढ्या गाद्या हाताने होत नाहीत, म्हणून त्याने पिंजायचं मशीन घेतलं होतं. पण भरलेली गादी सारखी करायला काठी लागतेच. दिवसभर काठी डोक्यावर न्यायची आणि धपकन् खाली आणायची. आणि दिवसभर ती बारीक रूई नाकातोंडात. तिने त्याला दमा लावला होता. दम्यावर एका मेडिकलवाल्याने एक बारीक पांढरी गोळी दिली होती. गोळी घेतली की छाती अशी मोकळी व्हायची जशी पिंजलेली रूई. मग जिलानीने ती सोडलीच नाही. वर्षानुवर्षं चहासारखी घेतली.

कमान मात्र एका कामासाठी राखून ठेवलेली होती. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की मुलीच्या लग्नातली गादी आणि रजई बापाने पिंजायची. मशीनवर नाही, शेजाऱ्याकडून नाही. बापाने, आपल्या हाताने, कमानीवर. बापाने जिलानीच्या बहिणींची तशीच पिंजली होती. आता जिलानीची मुलगी कहकशां हिचा निकाह ठरला होता, अहमदपूरला, पिंजाऱ्याच्याच घरात. थंडी सुरू झाली की लग्न. सासरची माणसं कापड बघणार नव्हती, भांडी बघणार नव्हती. गादीवर तळवा दाबून बघणार होती. आणि जिलानीला कमान खुंटीवरून काढता येत नव्हती.

ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. पण रामकिशनने ती न सांगता ओळखली.

रामकिशन औशाकडचा शेतकरी, डाळ मिलला तूर घालायला लातूरला यायचा. दोघांची ओळख भूकंपातली. पत्र्याच्या शेडमध्ये जिलानी रजया वाटत होता आणि हात गळ्यात बांधलेला रामकिशन ओरडत होता, "रजई नको मला, या हाताखाली ठेवायला एक उशी दे!" जिलानीने तिथंच बसून त्याला छोटी उशी शिवून दिली होती. दगडाच्या भिंतीखालून त्याला ओढून काढलं तेव्हा दंडाच्या हाडाचा वरचा गोळाच मोडला होता. तो जोडला गेला, पण पुढे रक्त न मिळून तो गोळा आतल्या आत मेला, आणि शेवटी नांदेडच्या डॉक्टर मन्मथ यांनी तो काढून तिथं धातूचा गोळा बसवला. रामकिशन त्या गोळ्याचं कौतुक असं सांगायचा जसं कोणी नव्या बैलाचं सांगावं.

त्या दिवशी दुकानात बसून त्याने जिलानीला चहाची बशी डाव्या हाताने उचलताना पाहिलं.

"जिलानीभाई, उजवा हात कुठं गहाण ठेवला?"

"गादीनं धरलाय."

"गादीनं? वर कर बघू हात."

जिलानीने केला. अर्ध्यावर जाऊन तोंड वाकडं झालं.

"हे गादीचं न्हाई," रामकिशन म्हणाला. "हे माझ्या जातीचं दुखणं हाय. भाभी, पिशवी भरा. याला मी नांदेडला घेऊन जातो."

"घेऊन जा भाऊ," कमरुन्निसा आतून म्हणाली. "आता घरात उसवायला काही राहिलं न्हाई."

नांदेडची एस.टी. अहमदपूरवरून जाते. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा जिलानीने रुमाल तोंडावर ओढून घेतला.

"ऊन लागून राहिलं का?" रामकिशनने विचारलं.

"व्याह्याचं गाव हाय. हात धरून बसलेला बाप कोणी बघितला तर?"

"मग तोंड कामून झाकतो? हात झाक!"

डॉक्टर मन्मथ बोलायला मोकळा माणूस. साधा फोटो काढला, मग मोठ्या मशीनच्या बोगद्यात घालून दुसरा काढला, आणि दोन्ही उजेडासमोर धरून म्हणाले, "जिलानीभाई, दंडाच्या हाडाचा हा वरचा गोळा. यातला एवढा भाग मेलाय."

"मी जिवंत अन् हाड मेलं?"

"हाडालाही रक्त लागतं. ते बंद झालं की हाड मरतं. कुठली गोळी घेता का?"

जिलानीने खिशातून पांढरी गोळी काढून दाखवली. "हिनंच हाडाचं रक्त आटवलं," डॉक्टर म्हणाले. छातीच्या डॉक्टरला चिठ्ठी दिली. ती गोळी एकदम बंद करायची नाही, ते सांगतील तशी हळूहळू उतरवायची, तिच्या जागी तोंडात ओढायचा पंप घ्यायचा, असं दोनदा बजावलं. मग खाटेवरची उशी उचलून मांडीवर घेतली. पिंजाऱ्याला पिंजाऱ्याच्या भाषेत सांगावं असा त्यांचा चांगला हेतू होता.

"ही उशी म्हणजे तुमचा गोळा. आतली रूई मेलीय, पण वरची खोळ अजून गोल हाय. खोळ गोल हाय तोवर मी हाडात बारीक भोकं पाडतो, आतला दाब कमी होतो, नवं रक्त शिरायला वाट मिळते. तुमचं हाड तुमच्यापाशी राहतं. पण जमेलच असं लिहून देत नाही. काहींचं नंतरही खचतं."

"अन् खोळ खचली तर?"

"मग रामकिशनसारखा गोळा बदलायचा. गोळा जिच्यात फिरतो ती समोरची वाटीही झिजली असली तर वाटीही बदलायची. दुखणं जातं, हात चालतो. पण मग काठी आणि कमान विसरायची."

"माझा हात इथवर येतो," रामकिशनने हात तोंडापर्यंत नेला. "जेवण होतं, मिशीला पीळ देता येतो. माणसाला आणखी काय पाहिजे?"

"मला रूई पिंजायची हाय," जिलानी म्हणाला.

"मग भोकांचं बघू," डॉक्टर म्हणाले. "घरी विचारून या. पण लवकर. आणि तोवर हाताला आराम. खोळ खचली की हा रस्ता बंद."

जिलानी घरी आला तो उशीचा विचार करत. डॉक्टरचं बोलणं त्याला फार पटलं होतं, जरा जास्तच पटलं होतं. मेलेली रूई त्याने जन्मभर पाहिली होती. दगड झालेली गादी उसवायची, उन्हात टाकायची आणि काठीने झोडायची; अशी फुलून येते की पोत्यात मावत नाही. त्याला कोणी भोकं पाडत नाही. मग हाडाला कशाला? जितकं झोडू तितकं जिवंत होणार! आराम दिला तर उलट बसून बसून आणखी दगड होईल. डॉक्टर शिकलेला माणूस, पण गादी काही त्याने कधी भरली नसेल.

दुसऱ्या दिवसापासून जिलानीने दुकानामागच्या अंगणात एक रिकामी खोळ अंथरली आणि काठीने झोडायला सुरुवात केली. हात जेवढा वर जाईल तेवढा न्यायचा, दात दाबायचे आणि हाणायची. कळ डोक्यात जायची. त्याला वाटायचं, रूई सुटून राहिली.

डॉक्टरने आराम सांगितलाय हे त्याने घरी सांगितलंच नव्हतं, म्हणून कमरुन्निसाला वाटलं, कामच चालू आहे. कहकशांला मात्र दिसलं की अब्बाच्या काठीखाली गादीच नाही. तिने दोनदा विचारलं. "व्यायाम हाय," असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. तूर घालायला आलेल्या रामकिशनकाकाला ती सरळ अंगणात घेऊन आली.

रामकिशन दारात उभा राहून बघत राहिला.

"जिलानीभाई, कोणाला मारून राहिला?"

"हाड पिंजून राहिलो," जिलानी धापा टाकत म्हणाला.

रामकिशनला आधी हसू फुटलं. मग त्याने जिलानीचा चेहरा पाहिला आणि हसू तोंडातच राहिलं. पुढे होऊन त्याने काठी हिसकली.

"अरे, रूई हाय का ती? खोळीत हाड हाय ना! हाडाला झोडलं की फुलतं का? भुगा होतो! माझा गोळा पाच-सहा तुकड्यात निघाला, डॉक्टरनं बाटलीत दाखवला मला!"

"डॉक्टरच म्हणला, रूई."

"डॉक्टरनं तुला समजावं म्हणून सांगितलं. तू तर दुकानच उघडलं त्यात!"

कमरुन्निसा बाहेर आली. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला नाही की रडली नाही. तिने जिलानीची पिशवी भरून दारात आणून ठेवली आणि म्हणाली, "यावेळी मीपण येते. दोन शहाणे एकटे पाठवून बघितले."

नांदेडला पुन्हा फोटो निघाला. पुन्हा तो बोगदा. बाहेर बाकावर तिघं बसली. जिलानीच्या डोळ्यासमोर एकच गोष्ट होती: खोळ. गोल आहे की बसली? आपल्याच हाताने, आपल्याच काठीने आपण ती बसवली असेल तर कहकशांची गादी मशीनवर जाणार. तिच्या सासूचा तळवा त्या मशीनच्या गादीवर पडणार. ती काही बोलणार नाही, पण तळवा पटकन उचलून घेणार. हे त्याला तिथं बाकावर बसल्या बसल्या दिसलं.

"पाणी पिता का?" कमरुन्निसाने विचारलं.

"न्हाई."

"मग माझ्याशी भांडा तरी. असं गप बसू नका, मला भीती वाटते."

"टाके वाकडे घालतेस तू," जिलानी म्हणाला.

"हां, आता बरं वाटलं," ती म्हणाली.

डॉक्टर मन्मथ यांनी सगळी हकीकत ऐकली, उशी उचलली आणि कपाटात टाकून कपाट लावून घेतलं. "आजपासून मी कोणालाही उशी दाखवणार नाही." मग फोटो उजेडासमोर धरला. बराच वेळ बघत राहिले. "इथं बारीक चीर दिसते, केसाएवढी. अजून खचली नाही. नशीब हाय तुमचं. भोकं पाडायची तर आत्ता. पुन्हा काठी मारली असती तर रामकिशनच्या पंगतीला बसला असता."

"जागा राखून ठेवली होती मी," रामकिशन म्हणाला.

"पाडा भोकं," जिलानी म्हणाला. "पण एक सांगा, भोकानं रक्त कसं येणार?"

डॉक्टरांनी कपाटाकडे पाहिलं आणि काही उपमा द्यायची टाळली. ते काम रामकिशनने केलं.

"बोअर हाय बोअर. कोरड्या रानात बोअर मारायचा. खाली झरा हाय, पण वर खडक बसलाय. खडक फोडला की पाणी."

"लातुरात किती बोअर कोरडे गेले, माहीत हाय ना?"

"म्हणून तर आधी जागा बघायची असते!" रामकिशन बाहेर गेला तो गेटवरच्या हातगाड्यावरून नारळ घेऊन आला. बोअरची जागा शोधणारा पाणाड्या जसा तळहातावर नारळ आडवा धरून, तो उभा राहील तिथं पाणी असं म्हणत रानातून फिरतो तसा तो नारळ त्याने जिलानीच्या खांद्यावरून फिरवला. खांद्याच्या पुढच्या बाजूला नारळ आपोआप उभा राहिला. म्हणजे रामकिशनने तो अंगठ्याने उभा केला. "इथं! डॉक्टरसाहेब, इथं मारा. दांडगा झरा हाय."

नर्सबाई हसत बाहेर पळाली. डॉक्टर म्हणाले, "मी थोडं बाजूनं मारतो, चालेल?"

ऑपरेशनच्या दिवशी मानेजवळ सुई देऊन हात पार बधिर केला. हात कोणा दुसऱ्याचा असावा असा शेजारी पडला होता. थोडी गुंगीही दिली होती. तशा गुंगीतसुद्धा जिलानीने डाव्या हाताने टेबलावरची गादी दाबून बघितली. "यात रूई न्हाई," तो पुटपुटला. "फोम हाय. टिकणार न्हाई." हिरव्या पडद्यापलीकडे डॉक्टर काही तरी मागत होते. मग बारीक घर्रर्र आवाज सुरू झाला. लातुरात रात्रंदिवस ऐकलेला तोच आवाज, फक्त लहान. जिलानीला अर्धवट झोपेत वाटलं, आपण रानात उभे आहोत आणि बोअरच्या गाडीवरून खाली जाणाऱ्या पाइपाकडे सगळं गाव बघून राहिलं.

"पाणी लागलं का?" त्याने विचारलं.

पडद्यापलीकडून डॉक्टर मन्मथ यांचा आवाज आला, "लागलं, जिलानीभाई. लाल लागलं."

पण बोअरला पाणी लागणं वेगळं आणि टिकणं वेगळं. हे लातूरच्या माणसाला सांगायला लागत नाही. जिलानी हात गळ्यात बांधून घरी आला. डॉक्टरांनी दिलेल्या हालचाली तो मुकाट्याने करायचा, वजन उचलायचं नाही म्हटलं तर तांब्याही उचलायचा नाही. पांढरी गोळी हळूहळू कमी होत सुटली, पंप खिशात आला. कमरुन्निसाने घरातल्या सगळ्या काठ्या शेजारणीकडे ठेवायला दिल्या. दुकान मशीनवर आणि तिच्या दाभणावर चाललं. जिलानी खुर्चीवर बसून सांगायचा, "तिकडं कोपरा रिकामा राहिला." ती म्हणायची, "तुमच्यासारखाच." गिऱ्हाइकं हे ऐकायलाच थांबायची.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. खांद्याची कळ कमी होत गेली. पण जिलानी खुंटीकडे बघायचा नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कमानीला हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. एकदा आपल्या अकलेने चाललो तेवढं पुरे. अहमदपूरहून निरोप आला, तारीख पक्की. कहकशां म्हणाली, "अब्बा, मशीनची गादी चालेल मला. खरंच चालेल." तो म्हणाला, "तुला चालेल, माहीत हाय."

लग्नाआधीचा शेवटचा फोटो काढायला पुन्हा तिघं नांदेडला गेली. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. जिलानीला त्यातलं काही कळत नव्हतं. तो फोटो न बघता डॉक्टरांचं तोंड बघत होता.

"चीर भरलीय," डॉक्टर म्हणाले. "गोळा गोल हाय. नवं हाड धरायला लागलंय." मग जिलानी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, "कमान चालवा. पिंजताना हात खांद्याच्या वर न नेता, थोडी थोडी, दुखलं की थांबायचं. काठी मात्र बंद. मी सांगेपर्यंत बंद."

"पाणी टिकलं," रामकिशन म्हणाला. "नारळ माझा होता, लक्षात ठेवा."

घरी आल्यावर जिलानी खुंटीखाली उभा राहिला. त्याने उजवा हात वर नेला. हळूहळू गेला तो, कुरकुरत गेला, पण कानापाशी थांबला नाही. बोटांना लाकूड लागलं. त्याने कमान खाली उतरवून घेतली. वर्षभराची धूळ त्याच्या डोक्यावर पडली आणि तो शिंकला. कमरुन्निसा दाभण हातात घेऊन चुलीकडे तोंड करून उभी होती. दाभणाचं चुलीपाशी काही काम नव्हतं.

पुढचे काही दिवस दुकानामागून कमानीवर ताणलेली तात वाजत राहिली, टुंग टुंग, मध्ये मध्ये थांबत. रूई ढगासारखी उडायची. जिलानी तोंडाला फडकं बांधून बसायचा, तेही डॉक्टरांनी सांगितलेलंच. गादी भरली. आता काठी कोण मारणार? रामकिशनने बाह्या सरसावल्या. धातूचा गोळा बसवलेल्या त्याच्या उजव्या हाताला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून डाव्या हाताने मारायला घेतली. शेतकऱ्याचा हात, एक काठी गादीवर, एक फरशीवर.

"हळू! गादी हाय, साप न्हाई!" जिलानी ओरडला.

"तू गप बस. बसून बोलणाऱ्याचा खांदा कधी दुखत न्हाई."

लग्नाच्या दिवशी अहमदपूरला कहकशांच्या सासूने सगळ्या बायकांसमोर गादीवर तळवा दाबला. तळवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरला आणि एका ठिकाणी अडकला.

"गादी मऊसूत हाय," सासू म्हणाली. "बापाच्या हाताची हाय, कळतं. पण भाईजान, या कोपऱ्यात हे काय टणक हाय?"

"तिथं रामकिशनदादानं काठी मारली," जिलानी म्हणाला. "त्याच्या खांद्यात धातूचा गोळा हाय. थोडा उतरला असेल."

बायका हसल्या, सासूही हसली. आणि पुरुषांच्या पंगतीत बसलेला रामकिशन ओरडला, "तेवढा कोपरा जावयाला द्या! पोरीला मऊ बाजू!"

लग्नाची गडबड उरकून माणसं लातूरला परत आली. कमरुन्निसाने दुसऱ्याच दिवशी घरातली जुनी गादी ओढून जिलानीसमोर टाकली. वर्षभरात कोणी हात न लावल्याने ती पुन्हा पापड झाली होती.

"आता ही," ती म्हणाली.

जिलानीने गादीकडे पाहिलं, मग खांद्याकडे, मग तिच्याकडे.

"डॉक्टरांनी मना केलंय," तो म्हणाला आणि डावा हात डोक्याखाली घेऊन त्याच गादीवर आडवा झाला.